गाठीपासून टी-शर्टपर्यंत : डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टची सेवा विकत घेण्याआधी

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या पट्ट्यातल्या सूतगिरण्यांना, विणाईच्या आणि शिलाईच्या युनिटांना सध्या एकाच धाटणीची सेवा दाखवली जाते. महिन्याची वर्गणी भरा, मालाची माहिती भरा, प्रत्येक नगाला क्यूआर मिळेल. युरोपातल्या गिऱ्हाइकाने त्यावर मोबाइल धरला की कापूस कुठला, सूत कुठले, रंगाई कुठली हे समोर येईल. मालाची ही डिजिटल ओळख म्हणजेच डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट. पुरवठादार वेगवेगळे असले तरी आतला सांगाडा जवळपास सारखाच असतो. म्हणून हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नाही, त्या सांगाड्याचे आहे.

मत आधीच सांगतो. क्रमांक देणे आणि देखणे पान दाखवणे ही कामे या सेवा नीट करतात. माल जिथे मिसळतो तिथे, म्हणजे जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातल्या) ढिगावर, गिरणीच्या ब्लोरूममध्ये (गाठी फोडून रुई मिसळतात त्या विभागात) आणि बाहेर दिलेल्या रंगाईत, त्या लंगड्या पडतात. पासपोर्ट खरा की खोटा हे मात्र याच तीन जागांवर ठरते. डेमो बघताना पान बघू नका, या तीन जागा बघा.

तारखांचा गोंधळ

विक्रीच्या बोलण्यात पहिली चूक तारखेची असते. ‘२०२६ पासून पासपोर्टशिवाय कपडा युरोपात उतरणार नाही’ असे कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. युरोपीय संघाचा इकोडिझाइनचा नियम, क्रमांक २०२४/१७८१, हा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. पण तो नुसती चौकट आहे. कोणत्या मालाला नेमकी कोणती माहिती लागेल हे त्या मालाचा स्वतंत्र उपनियम ठरवणार. एप्रिल २०२५ मधल्या कार्ययोजनेत लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, कपडे, फर्निचर, गाद्या आणि टायर यांना आधी घेतले आहे, आणि कपड्यांचा उपनियम २०२७ च्या सुमारास धरला आहे. उपनियम अमलात आल्यानंतरही उद्योगांना साधारण किमान १८ महिने द्यावे लागतात. हिशोब केला तर कपड्यांवरची सक्ती २०२८ च्या अलीकडे येत नाही.

मग १९ जुलै २०२६ ही तारीख कुठून आली? ती दोन वेगळ्या गोष्टींची आहे. युरोपीय आयोगाने पासपोर्टची मध्यवर्ती नोंदवही उभी करायची मुदत ही एक, आणि न विकलेले कपडे व पादत्राणे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना होणारी बंदी ही दुसरी. बॅटरीचा कायदा तर निराळाच आहे, क्रमांक २०२३/१५४२. त्यात विजेवरच्या गाड्यांच्या, दुचाकीसारख्या हलक्या वाहनांच्या आणि २ किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून पासपोर्ट लागतो. या तिन्ही गोष्टी एकत्र कालवून कापडवाल्याला घाई करायला लावतात. नोंदवहीबद्दलही एक गैरसमज पसरवला जातो. तिथे तुमची सगळी माहिती साठवायची नसते, मुख्यतः ओळख-क्रमांक नोंदवायचे असतात. माहिती ज्याची त्याने, किंवा त्याने नेमलेल्या सेवेने, सांभाळायची.

आणखी एक. कायद्याने जबाबदार धरला जातो तो युरोपच्या बाजारात माल ठेवणारा, म्हणजे बहुतेक वेळा तिकडचा आयातदार. नागपूरच्या युनिटवर कायद्याचा बडगा थेट येत नाही, पण माहिती इथूनच जायची असल्यामुळे मागणी करारातून येते. ती आजही येते. फ्रान्समध्ये २०२२ च्या एका हुकूमनाम्यानुसार ठरावीक उलाढालीवरच्या विक्रेत्यांना विणाई, रंगाई-छपाई आणि शिलाई कोणत्या देशात झाली हे ग्राहकाला सांगावे लागते. अमेरिकेत जून २०२२ पासून चीनच्या शिंजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीच्या मालाविरुद्धचा कायदा लागू आहे, त्यात कापूसही येतो, आणि तिकडचे खरेदीदार गाठींच्या यादीपर्यंतचे कागद मागतात. म्हणून २०२८ ची वाट बघत हातावर हात ठेवून बसण्यातही अर्थ नाही. कागदांची शिस्त आत्ता लावा. महागडी वर्गणी मात्र आत्ताच भरायची घाई नाही.

ढीग : सगळ्यात कच्चा दुवा

डेमोमध्ये हमखास एक नकाशा येतो. त्यावर यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतावर टाचणी, शेतकऱ्याचा फोटो, आणि तिथून टी-शर्टपर्यंत गेलेली रेघ. विदर्भाचे जिनिंग ज्याने बघितले आहे त्याला ही रेघ कुठे तुटते ते लगेच कळते.

हिंगणघाट, सावनेर किंवा काटोलच्या कुठल्याही जिनिंगमध्ये हंगामात दिवसभर गाड्या येतात. एका गाडीत पाच क्विंटल, दुसरीत बारा, तिसरी खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याची, तीत चार गावांचा कापूस. काट्यावर वजन होते, आर्द्रता बघतात, प्रत बघतात, आणि कापूस प्रतीप्रमाणे ढिगावर रिता होतो. पहिल्या वेच्याचा वेगळा, फरदडीचा (हंगामानंतर त्याच झाडांवर घेतलेला) किंवा कवडीचा (किडका, डागी) वेगळा. म्हणजे ढीग शेतकऱ्याचा नसतो, प्रतीचा असतो. रेच्यांवर (सरकी काढणाऱ्या यंत्रांवर) जातो तो ढीग, आणि प्रेसमधून १७० किलोची गाठ बांधली जाते ती त्या ढिगाची. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. लहान शेतकऱ्याची एक गाडी म्हणजे जेमतेम एक गाठ. तेवढ्यासाठी रेचे रिकामे करून वेगळे चालवणे कोणत्याही जिनिंगला परवडत नाही.

तेव्हा ‘हा टी-शर्ट अमुक शेतकऱ्याच्या कापसाचा’ हे विधान बहुतेक वेळा खोटे असते. खरे विधान असे : हा ढीग अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत भरला, त्यात या इतक्या काटा पावत्यांचा कापूस होता, त्यातून या क्रमांकाच्या गाठी निघाल्या. इतके सांगता आले तरी पुष्कळ झाले, आणि ते तपासताही येते. म्हणून सेवा घेताना पहिला प्रश्न हा विचारा : तुमच्या प्रणालीत ‘ढीग’ नावाची पायरी आहे का? अनेक पावत्या आत आणि अनेक गाठी बाहेर, अशी नोंद एकाच वेळी करता येते का? बऱ्याच सेवांत एक आत, एक बाहेर अशी सरळ साखळी असते. ती पाकीटबंद मसाल्याला चालेल, कापसाला चालत नाही.

तांत्रिक भाषेत याला रूपांतराची घटना म्हणतात. पुरवठा साखळीतल्या घटना नोंदवण्याचे जीएस१ चे (बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेचे) जागतिक प्रमाण ईपीसीआयएस आहे, त्याची २.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. त्यात माल नुसता हलला तर एक प्रकारची नोंद, पेटीत भरला तर दुसरी, आणि एका मालाचा दुसरा माल झाला तर तिसरी, म्हणजे रूपांतराची. विक्रेत्याला सरळ विचारा की रूपांतराची घटना तुम्ही नोंदवता का आणि ती ईपीसीआयएसच्या साच्यात बाहेर काढून देता का. उत्तर गोलमोल आले तर पुढची बैठक नको.

भारतीय कापूस महामंडळ आणि टेक्सप्रोसिल (सुती कापड निर्यात परिषद) यांच्या ‘कस्तुरी कॉटन भारत’ कार्यक्रमात गाठीवरच क्यूआरचा टॅग लागतो आणि तिच्या नोंदी ब्लॉकचेनवर जातात. तुमच्याकडे अशा गाठी येत असतील तर नव्या सेवेने तोच गाठ-क्रमांक स्वीकारला पाहिजे. आपला दुसरा क्रमांक चिकटवायला लावणारी सेवा टाळा. एका गाठीला दोन ओळखी झाल्या की चार महिन्यांत जुळणी विस्कटते. ब्लॉकचेनबद्दल एवढेच की ती नोंद नंतर बदलू देत नाही. काट्यावर चुकीचे वजन लिहिले असेल तर ती चूकच जपून ठेवते.

वजनाची परीक्षा

सेवा खरी की शोभेची हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. डेमोच्या वेळी विक्रेत्याच्याच संगणकावर ती करा.

१०० क्विंटल कापूस आत टाका. विदर्भात रुईचा उतारा साधारण ३३ ते ३६ टक्के पडतो. ३४ टक्क्यांनी ३,४०० किलो रुई, म्हणजे बरोबर २० गाठी. आता मुद्दाम २६ गाठी नोंदवा. २६ गाठी म्हणजे ४,४२० किलो, उतारा ४४ टक्क्यांवर गेला. इतका उतारा इथल्या कापसाचा पडत नाही. प्रणालीने इथे अडवले पाहिजे, निदान लाल खूण तरी केली पाहिजे. गुपचूप २६ गाठी घेतल्या तर त्या सहा गाठी कुठल्याही कापसाच्या असू शकतात आणि पासपोर्ट त्यांना स्वच्छ ओळख देऊन मोकळा होतो. सेंद्रिय कापसाच्या व्यवहारात फसवणूक नेमकी याच फटीतून शिरते.

हीच परीक्षा पुढे न्या. २० गाठींच्या रुईचे कोम्ब्ड सूत काढले तर कार्डिंगचा कचरा आणि कोम्बरचा नॉइल (विंचरताना गळणारे आखूड तंतू) जाऊन साधारण ७२ टक्के हाती राहते, म्हणजे २,४५० किलोच्या आसपास. विणाईत २ टक्के, रंगाईत ६ टक्के आणि कटिंगमध्ये १५ टक्के घट धरली तर तयार कपडा सुमारे १,९०० किलो उरतो. १५० ग्रॅमचा एक टी-शर्ट धरला तर साडेबारा ते तेरा हजार नग. या २० गाठींवर २० हजार पासपोर्ट छापून मिळत असतील तर ती सेवा फक्त स्टिकर विकते आहे.

मर्यादा फार ताठर ठेवूनही चालत नाही. कापसात पाणी असते. ८ टक्के आर्द्रतेचा आणि १२ टक्के आर्द्रतेचा कापूस एकाच दरवाजातून येतो, आणि पहाटेच्या दवात भरलेली गाडी दुपारच्या उन्हात ढिगावर हलकी होते. शिवाय सरकी वेगळी होताना कचरा आणि ओल अशी घट धरावीच लागते. म्हणून प्रत्येक पायरीला घटीचा स्वतःचा पट्टा ठरवता आला पाहिजे : जिनिंगला वेगळा, गिरणीला वेगळा, रंगाईला वेगळा. सगळीकडे एकच ५ टक्के ठोकून देणारी प्रणाली जिनिंगमध्ये रोज खोटा इशारा देईल, आणि आठवडाभरात माणसे तो इशारा न वाचताच पुढे ढकलायला शिकतील.

गिरणीतली मिसळण

ब्लोरूममध्ये चाळीस-पन्नास गाठी एकाच वेळी मांडतात, त्याही वेगवेगळ्या जिनिंगच्या, कारण मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा) आणि ताकद सारखी राहिली तरच सूत सारखे निघते आणि पुढे रंग सारखा बसतो. त्यामुळे सुताच्या एका लॉटमागे तीन-चार जिनिंग असणे ही गिरणीची रोजची रीत आहे. यात भर म्हणजे आधीच्या मिक्सिंगमधला मऊ कचरा, स्लिव्हरचे आणि रोव्हिंगचे तुकडे, थोड्या प्रमाणात नव्या मिक्सिंगमध्ये परत जातो. एका ढिगाचे शुद्ध सूत हवेच असेल तर मशीन रिकामी करून, हा परतीचा माल बंद करून, वेगळी फेरी चालवावी लागते. त्याचा खर्च सुताच्या भावात दिसतो. ज्या सेवेत गिरणीला मिक्सिंग क्रमांक आणि त्यातल्या प्रत्येक जिनिंग-लॉटचा टक्का भरता येतो ती इथे उपयोगी पडते.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत शब्द जपून वापरले पाहिजेत. ‘मास बॅलन्स’ पद्धतीच्या कापसात नग आणि शेत यांचा प्रत्यक्ष संबंध असेलच असे नाही, कारण तिथे नुसत्या वजनाचा जमाखर्च सांभाळतात. पासपोर्टवर मात्र तो ‘या शेतांचा कापूस’ असा दिसला की दावा खोटा ठरतो. गॉट्सच्या (सेंद्रिय कापडाच्या जागतिक प्रमाणाच्या) मालाला दर व्यवहारामागे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागते. युनिटचे स्कोप सर्टिफिकेट वर्षाचे असते, ते संपले तर प्रणालीने दावा आपोआप खाली उतरवला पाहिजे. बहुतेक सेवा पीडीएफ चढवू देतात आणि तिथेच थांबतात. तारीख वाचत नाहीत, वजन जुळवत नाहीत.

बाहेरची रंगाई

नागपूरच्या शिलाई युनिटांचे कापड पुष्कळदा रंगाईसाठी बाहेर जाते, कधी तिरुपूरला, कधी इचलकरंजीला. पासपोर्टला लागणारी सगळ्यात नाजूक माहिती, म्हणजे रसायने, तिथेच तयार होते आणि तिथेच हरवते. कपड्यात घातक म्हणून यादीत आलेला पदार्थ वजनाने ०.१ टक्क्याच्या वर असेल तर युरोपच्या रीच या रसायनांच्या नियमाखाली तो पुढच्याला कळवावा लागतो. पासपोर्टमध्येही चिंताजनक पदार्थांची माहिती येणार हे चौकटीच्या नियमातच आहे.

रंगाईवाला तुमच्या ॲपमध्ये लॉगिन करून माहिती भरेल या आशेवर राहू नका. त्याच्याकडे असे वीस गिऱ्हाईक आणि वीस ॲप. चालणारी रीत अशी की जॉबवर्कच्या चालानाचा क्रमांक हाच दुवा धरावा. जाताना चालान, येताना चालान, सोबत डाय-लॉटचा (एका वेळी रंगवलेल्या मालाचा) क्रमांक, वापरलेल्या रंग-रसायनांची यादी आणि त्यांचे सुरक्षा-पत्रक. हे सगळे व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आले तरी चालते, पण तुमच्या माणसाने त्याच दिवशी त्या चालानाला जोडले पाहिजे. महिन्याच्या शेवटी एकदम जोडायला गेलात की निळा लॉट काळ्याला चिकटतो. चांगली सेवा बिना-लॉगिनची एक लिंक देते, जिच्यावर रंगाईवाला एकाच चालानाची माहिती चढवू शकतो. हे मिळत असेल तर त्याचे गुण द्या, कारण रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळ हेच वाचवते.

रंगाईवाल्याचे नाव गिऱ्हाइकाला दिसेल आणि उद्या तो थेट त्याच्याकडे जाईल, ही इथल्या व्यापाऱ्याची भीती रास्त आहे. नियमात त्याची सोय आहे : ग्राहक, दुरुस्तीवाला, पुनर्वापर करणारा, सीमाशुल्क आणि तपास यंत्रणा यांना वेगवेगळ्या पातळीवर माहिती दाखवता येते. सेवेत हे पातळ्यांचे कुलूप प्रत्येक रकान्याला लावता येते का ते बघा. अख्खे पान उघडे किंवा अख्खे बंद, असे दोनच पर्याय असतील तर ते अपुरे आहे.

क्यूआर आणि लेबल

हा भाग छोटा वाटतो, पण तक्रारी सगळ्यात जास्त इथूनच येतात.

क्रमांक जीएस१ इंडियाकडून स्वतःच्या कंपनीच्या नावाने घ्या. विक्रेता ‘आमच्या क्रमांकातून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, कारण सेवा सोडली की मालाची ओळखही सुटते. भारतातला क्रमांक ८९० ने सुरू होतो आणि १३ अंकी असतो. क्यूआरमधल्या वेब-पत्त्यात तो १४ अंकी करायला पुढे एक शून्य लागते. एक्सेल हे शून्य खाऊन टाकते, किंवा मोठा आकडा स्वतःच्या पद्धतीने आखडून लिहिते. रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवा. रंग आणि मापागणिक क्रमांक वेगळा, म्हणजे ४ रंग आणि ५ मापे असतील तर एका डिझाइनला २० क्रमांक.

पत्त्याची रचना जीएस१ डिजिटल लिंकची ठेवा : आधी तुमचे संकेतस्थळ, मग ०१ आणि १४ अंकी क्रमांक, मग १० आणि लॉट, आणि लागलाच तर २१ आणि नगाचा अनुक्रमांक. पासपोर्ट मॉडेलला, लॉटला की एकेका नगाला द्यायचा हे उपनियम ठरवणार आहे. आत्ता लॉटपर्यंत पुरते. अनुक्रमांकाची जागा राखून ठेवा.

आता माप. सात अक्षरांचा लॉट आणि आटोपशीर नावाचे संकेतस्थळ धरले तर पत्ता ५० अक्षरांच्या आसपास होतो. कपड्याला क्यू पातळीची दुरुस्ती-क्षमता घ्यावी, म्हणजे खूण सुमारे २५ टक्के खराब झाली तरी वाचता येते. त्याला एका बाजूला ३७ चौकटी असलेला क्यूआर लागतो. भोवती चारी बाजूंनी ४ चौकटी कोऱ्या सोडायच्या, एकूण ४५. अर्ध्या मिलिमीटरची एक चौकट धरली तर २२.५ मिलिमीटर, म्हणजे २५ मिलिमीटरच्या सॅटिन पट्टीत बसतो. अनुक्रमांक जोडला की पत्ता ६० अक्षरांपलीकडे जातो, चौकटी ४१ होतात आणि माप २४.५ मिलिमीटर. पट्टी थोडी सरकली तरी कडेची कोरी जागा कापली जाते. तेव्हा अनुक्रमांक लागणार असेल तर ३० मिलिमीटरची पट्टीच मागवा.

लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा असेल तर त्याचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा, चार ठिपक्यांची चौकट बरोबर अर्धा मिलिमीटर. चौकट पूर्ण ठिपक्यांचीच हवी. सेवा क्यूआरचे चित्र देते, कामगार ते ओढून पट्टीएवढे करतो, आणि चौकटी काही चार ठिपक्यांच्या, काही पाचच्या होतात. नवीन मोबाइल ते वाचतो, जुना वाचत नाही. म्हणून क्यूआर प्रिंटरच्या स्वतःच्या भाषेत आज्ञा देऊन छापून मिळतो का हे विचारा.

छपाईची रिबन वॅक्सची नको. ती कागदी स्टिकरला ठीक. सॅटिनवर किंवा नायलॉनवर काही धुण्यांत पुसट होते. कपड्याच्या लेबलला रेझिन रिबन लागते, आणि तीही कापडासाठी बनवलेली. पट्टीच्या शिवणीच्या बाजूला ७ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर सुई कोऱ्या कडेतून जाते. लेबल मानेला लावू नका, टोचते म्हणून लोक कापून टाकतात. बाजूच्या शिवणीत लावा. एन्झाइम वॉश किंवा स्टोन वॉशच्या मालाला लेबल वॉशनंतरच. आणि मोठी ऑर्डर छापण्याआधी दहा लेबले ४० अंशांवर २० वेळा धुवून, इस्त्री फिरवून, साध्यातल्या साध्या मोबाइलने वाचून बघा.

पत्ता कोणाच्या नावावर

क्यूआरमधले संकेतस्थळ तुमच्या मालकीचे हवे. या एका मुद्द्यावर तडजोड नको. टी-शर्ट पाच वर्षे कपाटात राहतो. सेवा बंद पडली, दर वाढले किंवा भांडण झाले, तर विक्रेत्याच्या नावाचा क्यूआर हजारो कपड्यांवर मेलेला राहतो आणि तो परत छापता येत नाही. पत्ता तुमचा असेल तर त्याच क्यूआरला दुसऱ्या सेवेकडे वळवायला एका दिवसाचे काम. युरोपच्या चौकटीतही माहिती खुल्या प्रमाणांची, एका विक्रेत्यात न अडकणारी असावी असे लिहिले आहे. शिवाय राखीव प्रत स्वतंत्र सेवेकडे ठेवावी लागणार आहे आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तरी पासपोर्ट उपलब्ध राहिला पाहिजे. करारात दोन ओळी घालून घ्या : सगळी माहिती मागितल्यापासून सात दिवसांत यंत्राला वाचता येईल अशा साच्यात द्यायची, आणि करार संपल्यावर सहा महिने जुने पत्ते वळवून द्यायचे.

पाण्याचे आणि कार्बनचे आकडे

काही सेवा पानावर आपोआप आकडे भरतात : एवढे लिटर पाणी, एवढा कार्बन. हे आकडे जगाच्या सरासरीचे असतात. एका किलो सुती कापडामागे दहा हजार लिटर पाणी हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यात पावसाचे पाणीही धरलेले आहे. विदर्भातली कपाशी बहुतांश कोरडवाहू. तिच्यावर सिंचनाच्या कापसाचा आकडा चिकटवला तर इथल्या शेतकऱ्याचे नुकसान होते आणि माहितीही चुकते. हा रकाना बंद ठेवता येतो का ते बघा. विजेचा हिशोब मात्र स्वतः करता येतो : गिरणीच्या बिलातले युनिट भागिले सुताचे किलो, आणि त्याला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दर, म्हणजे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. खोटा नेमकेपणा दाखवण्यापेक्षा हा एक मोजलेला आकडा बरा.

शेतकऱ्याची माहिती

सातबारा, आधार, मोबाइल क्रमांक यातले काहीही सार्वजनिक पानाला जोडू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याखाली संमती आणि हेतू दोन्ही लागतात, आणि पासपोर्टला या कागदांची गरजही नाही. गटाचा किंवा गावाचा क्रमांक पुरतो. विदर्भात मक्त्याने, बटईने केलेली शेती पुष्कळ. सातबाऱ्यावरचे नाव आणि कापूस पिकवणारा हात एकच असेल असे नाही. शेताची हद्द जीपीएसने आखून देण्याची सक्ती ज्या जंगलतोडविरोधी नियमात आहे, त्याच्या यादीत सोयाबीन आहे, कापूस नाही. हे काम ‘युरोपची सक्ती’ म्हणून कोणी तुम्हाला विकत असेल तर तो पैसा वाचवा.

नोंद कोण करणार

दिवाळीनंतर जिनिंग रात्रंदिवस चालते. काट्यावरच्या माणसाला एका गाडीमागे मिनिट-दीड मिनिट मिळतो. ॲपमध्ये चारपेक्षा जास्त रकाने असतील तर तो वहीत लिहील आणि संध्याकाळी अंदाजाने भरेल. पावती क्रमांक, वजन, आर्द्रता, ढीग क्रमांक, एवढेच ठेवा. नेटवर्क नसताना नोंद मोबाइलमध्ये साठून पुढे जाते का, हे जिनिंगच्या गोदामात उभे राहून तपासा, विक्रेत्याच्या कार्यालयात नाही. मराठी पडदा मागा, आणि त्यावर रुई, सरकी, उतारा, वेचा हे शब्द आहेत का बघा. यंत्राने भाषांतर केलेल्या पडद्यावर जिनिंगचा माणूस चुकीच्या रकान्यात आकडा भरतो.

पैसा

दर सांगण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात : नगामागे, क्रमांकामागे, वापरणाऱ्यामागे. तुलना करायची तर सगळे नगावर आणा. समजा उभारणीचे ६० हजार आणि महिन्याला १५ हजार रुपये. पहिल्या वर्षी २ लाख ४० हजार. वर्षाला एक लाख नग असतील तर नगामागे २ रुपये ४० पैसे. २० हजार नग असतील तर १२ रुपये. लेबल, रिबन आणि नोंद करणाऱ्या माणसाचा पगार याच्या वर. बारा रुपये टी-शर्टच्या मार्जिनमधून काढणे सोपे नाही.

तेव्हा वर्षाला वीस-तीस लॉट काढणाऱ्या छोट्या युनिटाने वर्गणी घेऊ नये. स्वतःचे संकेतस्थळ, जीएस१ चे क्रमांक, एक शिस्तीची वही आणि लॉटमागे एक साधे पान, एवढ्यावर आजच्या खरेदीदाराचे समाधान होते. सूतगिरणी, किंवा तीन-चार गिऱ्हाइकांना थेट निर्यात करणारे शिलाई युनिट असेल तर सेवा घ्यावी, पण ढीग, घटीचे पट्टे आणि चालानाचा दुवा ज्यात आहे तीच. गिऱ्हाइकाने स्वतःचे पोर्टल दिले असेल तर त्यात भरा. मात्र मूळ नोंदी आपल्याकडे ठेवा, कारण दुसरे गिऱ्हाईक दुसरे पोर्टल घेऊन येणार.

चाचणी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा, जिनिंगचा रेटा ओसरतो तेव्हा. एकच ढीग घ्या, त्याच्या गाठी वेगळ्या थप्पीला लावा, एकच मिक्सिंग, एकच डाय-लॉट, पाचशे नग. सगळे झाल्यावर विक्रेत्याला न सांगता त्यातला एक टी-शर्ट उचला आणि क्यूआरवरून उलटे काटा पावतीपर्यंत जाऊन बघा. पंधरा मिनिटांत पावत्यांचा गठ्ठा हातात आला तर वर्षाचा करार करा.